ठराव पहिला

मी युनियनचा सेक्रेटरी झालो तो अक्षरामुळं. जालन्याच्या एमआयडीसीतली आमची सळई बनवायची मिल. तिथल्या चाळीसेक कामगारांत माझंच अक्षर वळणदार, म्हणून मिटिंगचं रजिस्टर माझ्याकडं आलं. रजिस्टरासोबत संशयही आला. मालकाचा एक माणूस आपल्यात आहे, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. कुणी सांगितलं नव्हतं. पद मिळालं की असं आपोआप कळतं.

माझा संशय भट्टीवाल्या मामांवर. टेंभुर्णीकडचे, मिलमधले सगळ्यात जुने. रोज दुपारी मोठी बाटली घेऊन ऑफिसात जायचे, कारण थंड पाणी तिथंच मिळायचं. शेडमधल्या टाकीच्या पाण्यात चहापत्ती टाकायची तेवढी बाकी असायची. येताना बाटली भरलेली असे. जाताना ती आमच्या बातम्यांनी भरलेली असते, असा माझा हिशोब. त्यातलं अर्धं पाणी मीच प्यायचो, आणि पिता पिता त्यांच्या तोंडाकडं बघायचो.

तेव्हा आसपासच्या मिला बंद पडत होत्या. एकदा यंत्रं गेटाबाहेर गेली की मिल परत उभी राहत नाही, हे आम्ही शेजारीच पाहिलं होतं. त्यामुळं युनियनचं काम एकच उरलं होतं: यंत्रं हलू द्यायची नाहीत.

एका गुरुवारी संध्याकाळी मामांनी मला गाठलं.

"सेक्रेटरी, साहेबानं भट्टी पार विझवायला सांगितली."

"मंग? उद्या शुक्रवार, सुट्टीच हाय."

"सुट्टीला विझवत न्हाईत, मंद ठेवतात. थंड झाली की आतल्या इटा तडकतात. इतक्या वर्षांत मी ती थंड पाह्यली न्हाई. पार विझवायची म्हंजी परत पेटवायचीच न्हाई. उद्या समदे गेटवर बसा."

"ही खबर कुठून?"

"पाण्याला गेल्तो ऑफिसात."

झालं. मला सगळा डाव दिसला. आम्हाला सुट्टीच्या दिवशी गेटवर जमवायचं, पोलीस बोलवायचे, गुन्हे लावायचे. मी म्हणालो, "बघू." आणि मामांना सोडून सगळ्यांना शुक्रवारी सकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका मंदिराच्या सभामंडपात बोलावलं. दुपारपर्यंत बसलो. ठराव पहिला माझ्या वळणदार अक्षरात: भट्टीवाले कामगार मालकाचे हस्तक असून त्यांच्या कोणत्याही बोलण्यावर विश्वास ठेवू नये. ठराव दुसरा चहाचा.

शनिवारी शेडमध्ये सळई लाटणाऱ्या रुळांच्या जागी जमिनीतून बाहेर आलेले नुसते बोल्ट होते. मामा गेटजवळ बसलेले. आदल्या दिवशी सकाळपासून एकटेच तिथं होते. यंत्रं भरलेले ट्रक अडवायला पुढं झाले, तर वॉचमननं हाताला धरून बाजूला केलं.

"तुमची वाट पाहून राह्यलो होतो," एवढंच म्हणाले.

आता मी दुसऱ्या मिलमध्ये ठेकेदाराकडं आहे. तिथं युनियन नाही आणि मला कुणी अक्षर विचारत नाही. आमची केस कामगार न्यायालयात चालू आहे. मालक म्हणतो, मिल चालूच होती, कामगारच यायचे थांबले, मग यंत्रं काढली. ती त्याआधीच, सुट्टीच्या दिवशी गेली, हे डोळ्यांनी पाहिलेला आमच्यातला माणूस एकच. मी टेंभुर्णीला जाऊन मामांना साक्षीला या म्हणालो.

"मी तर मालकाचा माणूस ना?" मामा म्हणाले. तारखेला मात्र बराबर आले.

त्यांनी सगळं नीट सांगितलं. मग मालकाचा वकील उठला. युनियनच्या मिटिंगा होत होत्या हे दाखवायला आमचं रजिस्टर मीच, मोठ्या अभिमानानं, कोर्टात दिलं होतं. वकिलानं त्याच शुक्रवारचं पान उघडलं आणि ठराव पहिला सावकाश वाचला. कुठंच अडखळला नाही. अक्षर तसं होतंच.

पुढची तारीख पडली. बाहेर येऊन मामांनी पिशवीतून बाटली काढली, पोटभर पाणी प्याले आणि झाकण घट्ट लावलं.