पांढऱ्या सदऱ्यातला खलनायक

ती घटना आठवली की आजही आधी स्वतःचाच राग येतो. एकोणीसशे पन्नास-पंचावन्नच्या सुमारास मी जळगावकडे फौजदार होतो. तापीकाठच्या एका गावात घडावर आलेली केळीची बाग कुणीतरी एका दुपारी आडवी केली. सगळा गाव लग्नाच्या पंगतीत होता. मी घाटावरचा, केळी फक्त खाण्यापुरती ठाऊक. बागेत वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या सालदाराच्या कपड्यांवर चिकाचे काळे डाग दिसले, तेवढ्यावर मी त्याला आत टाकला. डागाळलेले कपडे पुरावा म्हणून जप्त करताना मला फार हुशारी वाटली होती. पुढे तो पुराव्याअभावी कोर्टातून सुटला, पण गावातून सुटला नाही. पंचक्रोशीत त्याला कुणी कामाला ठेवीना. बायकापोरांचे हाल झाले.

वर्ष-दीड वर्षाने या प्रकरणावर बेतलेला म्हणे, एक चित्रपट जळगावात लागला. मी साध्या कपड्यांत दुपारच्या खेळाला गेलो. घोर निराशा. बाग बाजूला राहिली आणि नायिका गाणी म्हणत सुटली. फौजदार तर घोड्यावर! शेवटी दुष्ट सालदार कुऱ्हाडीने दणादण केळी तोडतो आणि पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात बाहेर येतो. केळीत राबणाऱ्याच्या कपड्यांवरून चिकाचे डाग कधी जात नाहीत, हे जाणणारं सगळं थिएटर हसलं. मला काही हसू आलं नाही. माझ्या मागच्या रांगेत एकजण शेजाऱ्याला म्हणाला, "इतल्या केळी कापीसन सदरा पांढरा? मन्हं तर नवं धोतर गाडनं पडनं."

मी जागचा हललो नाही. खेळ संपून दिवे लागले तेव्हा वळून पाहिलं. बागमालकाचा चुलतभाऊ. पाण्याच्या पाटावरून दोघांचं वाकडं होतं, हे मला माहीत होतं. पण तो कापूस पिकवणारा, कपडे स्वच्छ, आणि लग्नात वाढपी म्हणून सगळ्यांनी पाहिलेला. त्याचा जबाब मी साक्षीदार म्हणून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला ठाण्यात बोलावलं, चहा दिला आणि एकच विचारलं, "धोतर कुठे पुरलं?"

तासभर तो कानावर हात ठेवत राहिला. मग दोन पंगतींच्या मधे बागेत जाऊन आल्याचं कबूल केलं आणि मान खाली घालून म्हणाला, "लगननं नवं धोतर व्हतं साहेब. जाळाले जीव व्हयना नही."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, पण आरोपीने दाखवलेल्या जागी निघालेली वस्तू टिकते. दोन पंच घेतले. गोठ्यामागे त्याने दाखवलं तिथे खणलं. घासलेटच्या डब्यात धोतर निघालं, काळ्या डागांनी भरलेलं, सोबत कोयता. पंचनामा झाला आणि पुढे त्याला शिक्षाही झाली.

बागमालक स्वतः सालदाराच्या झोपडीवर गेला, हात जोडले आणि त्याला कामावर परत नेलं. नव्या बागेचा पहिला कंद त्याच्याच हातून लावला. मीही गेलो होतो. चुकलो, असं सगळ्यांदेखत म्हणालो. सालदार हातातली माती झटकत म्हणाला, "साहेब, तव्हय माले इतलंच इचारं असतं, तू काम काय करस, तरी भागतं."

त्यानंतर नोकरीतली पुष्कळ वर्षं गेली. कुणालाही ताब्यात घेतलं की नावाच्याही आधी मी त्याचं काम विचारत असे. ते कसं करतो हे नीट ऐकून घेत असे. त्यामुळे कितीतरी माणसं त्याच दिवशी संध्याकाळी आपापल्या घरी जेवायला गेली.