कार्टूनमधली आजी गावाला गेली

बसची पाटी वाचता येते, सही करता येते, त्यापुढं माझं शिक्षण नाही. चौथीत असताना आई आजारी पडली आणि मी चुलीपुढं बसले, ती बसलेच. त्यामुळं मला जपानी कार्टून आवडतात असं सांगितलं की लोक आधी हसतात. शेजारची तर म्हणाली, "अहो, या वयात कार्टून? आता दप्तरपण घ्या. वॉटरबॅग मी देते."

म्हटलं, "द्या. कामावर न्यायला होईल."

बिबवेवाडीत आमच्या दोन खोल्या. मी सोसायट्यांमधून पोळ्यांची कामं करत आले. घरात मी आणि माझी नात, मुलीची मुलगी. बारावी झाल्यावर ती जपानी शिकायला लागली. पुण्यात याचे क्लास कुठंही निघतात. तिला तिकडं म्हाताऱ्या माणसांची सेवा करायच्या नोकरीला जायचं होतं. तिकडं म्हातारी माणसं खूप आणि त्यांना बघायला माणूस नाही, असं क्लासच्या बाईंनी सांगितलं होतं.

मी म्हटलं, "एक म्हातारी इथंपण आहे."

"तू कुठली म्हातारी? तू राक्षस आहेस."

कानाला भाषेची सवय व्हावी म्हणून ती कार्टून लावायची. संध्याकाळी मी आमच्यापुरत्या पोळ्या करायची, तेव्हा ती मोबाईल कणकेच्या डब्याला टेकवून ठेवायची. बोलणं जपानी, खाली अक्षरं इंग्रजी. ती वाचून मला मराठीत सांगायची. काही हिंदीतपण मिळतात, पण त्यात शाळेतला गरीब पोरगा रिक्षावाल्यासारखा बोलतो. आम्ही ते बंद केलं.

लोखंडी माणसांची मारामारी मला नको वाटते. एवढी घरं पाडतात, मग आवरतं कोण?

मला आवडली ती पळणाऱ्या मुलींची मालिका. शाळेतल्या मुली. एकीनं पळत यायचं आणि अंगावरचा पट्टा काढून दुसरीला द्यायचा. त्यात एक जाडी मुलगी होती, कायम मागं पडायची. पण पट्टा कधी खाली पाडला नाही तिनं. आमच्या पोळ्यांच्या कामात तसंच असतं. एक आजारी पडली की तिची घरं दुसरीनं करायची, आणि ती बरी होऊन आली की परत द्यायची. सगळ्या देत नाहीत. ती जाडी मुलगी देणाऱ्यातली होती.

आणि त्याहून आवडली ती डबेवाल्या आजीची. समुद्राकाठचं गाव, एका डब्याची आगगाडी. आजी आणि नात मिळून दुकान चालवतात, कामावर जाणाऱ्या लोकांना जेवणाचे डबे देतात. नातीचे आईबाप कुठं आहेत ते कोणी बोलत नाही. अंड्याची पोळी करतात आणि चटईसारखी गुंडाळतात. भाताची वाफ अशी काढलीय की मी पदरानं तोंड पुसलं होतं. आणि त्या आजीची बोटं पेरांपाशी सुजलेली. माझी आहेत तशी. ज्यानं चित्र काढलं त्यानं कोणाचे तरी हात नीट बघितले असणार. आपल्या सिरियलमधल्या सासवा स्वैपाक करतात, पण त्यांच्या नखाला कणीक नसते.

बाहेर निघाली की त्या कार्टूनमधली नात दारात काहीतरी म्हणायची. मी विचारलं, काय गं म्हणते? तर "जाऊन येते" म्हणते. म्हणजे त्यांच्यातपण "जाते" म्हणत नाहीत. मला फार बरं वाटलं. इतक्या लांबची माणसं, आणि दारातून निघताना भीती तीच.

एक ठरलं होतं. एकटीनं पुढचा भाग बघायचा नाही. मला एकटीला तो कळणारच नव्हता, पण तीपण थांबायची. कितीही उशीर झाला तरी थांबायची.

आता मुलीचं सांगते. माझी मुलगी तापात गेली, तेव्हा ही पाच वर्षांची होती. जावयानं पुढं दुसरं लग्न केलं. त्याचं काही म्हणणं नाही माझं, तो तरुण होता. पोर माझ्याकडं आली. ती आईला शोधायला लागली, तेव्हा माझी थोरली जाऊ तिला म्हणाली, "आई गावाला गेलीय बाळा." तेव्हा असंच सांगायचे. मी पोळ्यांची घरं परत धरली होती. पोर रोज विचारायची, आई कधी येणार? मग एक दिवस विचारायचं थांबली. मला वाटलं, विसरली. लहान मुलं विसरतात असं म्हणतात.

दरवर्षी पितृपंधरवड्यात मी मुलीच्या नावानं गच्चीच्या कठड्यावर पान ठेवायची. पोर पाठोपाठ यायची आणि पानावर आपल्या हातानं मिरचीचा ठेचा वाढायची. शेजारची म्हणायची, "अगं, कावळ्याला ठेचा? ठसका लागून मरायचा तो." पोर हसायची नाही. मी म्हणायची, ठेवू दे, खेळतेय.

तर ती डबेवाली आजी. एके दिवशी भाग लागला आणि दुकान बंद. त्या मुलीनं वाटीत भात भरला, वर टोक काढून, आणि जेवायच्या दोन्ही काड्या त्यात उभ्या खोचल्या. बाजूला उदबत्ती. मी पोळी लाटायची थांबले. जेवताना ते लोक काड्या अशा कधी उभ्या ठेवत नाहीत, एवढे भाग बघितले होते मी. जिवंत माणसाचा भात आणि गेलेल्या माणसाचा भात वेगळा वाढतात, हे काय मला शिकवायला पाहिजे? घाटावर दहाव्याला बसलेय मी, नवऱ्याच्या आणि मुलीच्या.

मी विचारलं, "काय झालं गं?"

नातीनं खालची अक्षरं वाचली. थोडा वेळ लागला तिला.

"काही नाही," म्हणाली. "ती आजी गावाला गेलीय."

मी तिच्याकडं बघितलं, ती मोबाईलकडं बघत होती. मी म्हटलं, "बरं," आणि पोळी तव्यावर टाकली. तेव्हा बोलायला पाहिजे होतं. समोर बसली होती, हात पोचेल एवढ्या अंतरावर. पण माझ्या मनात आलं, तिची परीक्षा आहे, नंतर बोलू.

पुढच्या भागांतपण ती आजीला जिवंत ठेवत गेली. दुकानात फोटो लावलेला आणि ही सांगतेय, आजीचा फोन आला होता म्हणून. मी मान हलवायची. दोघीपण एकमेकींना सांभाळत होतो.

परीक्षा पास झाली, कागद आले. जायच्या दिवशी दुपारी गाडी दारात उभी होती. मी हातावर दही दिलं. मला एवढंच सांगायचं होतं, की माझं काही झालं तर ऊर फुटेस्तोवर धावत येऊ नको, तिकडंच अंघोळ कर आणि जेव. तोंडातून निघालं ते असं, "मी गावाला गेले तर तू काय धावत येऊ नकोस."

ती एकदम म्हणाली, "तू कुठं जात नाहीस. शेवटचे भाग राहिलेत आपले." आणि बॅग उचलली. दारात म्हणाली, "जाऊन येते."

मग घरात मी आणि तवा. तिनं मोबाईलमध्ये सगळं लावून दिलं होतं. एकदा ठरलेलं मोडून मीच लावून बघितलं. ती मुलगी बोलत होती, समुद्र होता, अक्षरं येत होती आणि जात होती. बंद केलं.

परवा दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. तिकडं आपल्यापुढं घड्याळ असतं, तिची चहाची सुट्टी होती. डोळे सुजलेले.

"आजी, माझ्याकडच्या त्या म्हाताऱ्या बाई नव्हत्या का, मी अंघोळ घालताना गाणं म्हणायच्या? त्या..." आणि थांबली. "त्या गावाला गेल्या."

मी म्हटलं, "मेल्या म्हण."

मला वाटलं फोन अडकला.

"मेल्या म्हण बाळा. गावाला गेलेली माणसं परत येतात."

तेव्हा ती रडली. मोठ्यानं रडली, लहानपणी कधी रडली नव्हती तशी. मग नाक पुसून म्हणाली, "तुला काय वाटलं, मी कावळ्यासाठी ठेचा ठेवायचे? आईला आवडायचा ना."

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. मी दमून येते म्हणून तिनं विचारायचं बंद केलं होतं, आणि मी समजत होते पोर विसरली.

"एक विचारू?" ती म्हणाली. "शेवटी आईनं माझं नाव घेतलं होतं का?"

खोटं ओठावर आलं होतं. घेतलं होतं म्हणायला काय जातंय. पण मी म्हटलं, "नाही. तिला कोणीच ओळखू येत नव्हतं. पाणी मागत होती, मी चमच्यानं पाजलं."

"तू होतीस ना पण," म्हणाली.

"होते."

एवढं बोलायला आम्हाला इतकी वर्षं लागली, आणि बोललो तेव्हा मधे काच. इथं असती तर डोकं मांडीवर घेतलं असतं, केस तरी विंचरले असते. मी बोट लावलं तर तिचं चित्रच हललं.

मी म्हटलं, "आता ती डब्याची गोष्ट मला नीट सांग. ती आजी मेली तिथपासून."

ती हसली, डोळ्यांत पाणी तसंच. "तुला कळलं होतं?"

"भात बघितला ना मी."

सांगायला सुरुवात केलीच होती तिनं, की आजीच्या भाताला मुलीनं काड्या लावल्या आणि शेजारचा कोळी दारात आला. तेवढ्यात मागून कोणाची तरी हाक आली, तिची सुट्टी संपली होती.

"जाऊन येते," म्हणाली.

"ये," म्हटलं. त्यानंतर दोघींची वेळ जुळलेली नाही. तो कोळी अजून दारातच उभा आहे.