पद्माआक्कांचं थांबवणं

पद्माआक्का गेल्याचा फोन निपाणीहून आला, तेव्हा बेळगावच्या आमच्या ऑफिसात आम्ही सगळे कीबोर्डवरचे हात वर करून बसलो होतो. सवय त्यांचीच. फोन वाजत राहिला, पण स्नॅपशॉट होईपर्यंत कुणी हात खाली आणला नाही... आक्का असत्या तर पोट धरून हसल्या असत्या.

आम्ही गावोगावच्या बायकांची गाणी रेकॉर्ड करून कंप्युटरवर जपतो. आवाज एका फाइलमध्ये, गाणारीचं नाव-गाव दुसरीकडे. आक्का आमचा सर्व्हर सांभाळायच्या. रोज दुपारी डिस्कवरचं लिहिणं थांबवायच्या, आम्हाला कीबोर्डवरचे हात वर करायला लावायच्या, त्या क्षणाची प्रत, म्हणजे स्नॅपशॉट, घ्यायच्या आणि लिहिणं पुन्हा सोडायच्या. न थांबवता घेतलेल्या प्रतीत नाव यायचं आणि आवाज अर्धाच. लग्नाच्या फोटोत पोरं हलली की होतं तसंच हे, असं त्या नव्या माणसाला समजावायच्या. आजारी पडल्यावर त्यांनी हे काम मला शिकवलं, तेही आंब्याच्या फोडी खात.

एकदा त्यांचीच फजिती झाली. डिस्क थांबवल्याची नोंद त्यांनी त्याच थांबलेल्या डिस्कवर लिहायला लावली. नोंद होईना, म्हणून लिहिणं पुन्हा सोडायची पुढची आज्ञा जाईना. सगळं ठप्प, आणि आमचे हात हवेत. आक्का खो-खो हसत सुटल्या. "कुलूप लावलं अन् किल्ली आत ऱ्हायली बघा," म्हणाल्या, आणि दुसरी विंडो उघडून त्यांनी डिस्क मोकळी केली. खोळंबलेल्या सगळ्या नोंदी धडाधड आत गेल्या.

लिहिणं मशीनच अडवून धरतं, आमच्या हातांनी काही बिघडत नाही, हे मला पुढे कळलं. मी जाब विचारला. त्या शांतपणे म्हणाल्या, "मशीन थांबतंय रं. तुमी कवा थांबनार? तेवढीच एकमेकांची तोंडं दिसत्यात." मला ते फार आवडलं. अजूनही आवडतं.

त्यांच्या अंत्यविधीहून परतलो, तर डिस्क कायमची बंद पडलेली. जांबोटीच्या एका आजींची गाणी फोन आला त्या सकाळीच तिच्यावर चढवली होती, आणि लकवा झाल्यापासून आजींना बोलताही येत नाही. मूळ रेकॉर्डिंग पुसलं गेलेलं, दुसरी प्रत कुठेच नाही. उरला होता तो फोन वाजत असताना घेतलेला, दुसऱ्या डिस्कवरचा स्नॅपशॉट. तो मी उघडला. आजींचं नाव दिसलं... मग आवाज सुरू झाला, आणि शेवटच्या ओळीपर्यंत धड निघाला. ऑफिसात आम्ही चक्क नाचलो.

गेल्या रविवारी ती गाणी घेऊन जांबोटीला गेलो. आजींना आपला आवाज ओळखू आला. डोळे हसले, ओठ गाण्याबरोबर हलू लागले, सून चूल सोडून शेजारी येऊन बसली. मला राहवेना. निपाणीला आक्कांच्या मुलीला फोन लावला आणि काही न सांगता तिथेच धरला. गाणं संपल्यावर तिनं हळूच विचारलं, "आईनं शिकवल्यालं काम हे?"

"व्हय. सगळं त्यांचंच."

"मग फोन ठिवू नका," ती म्हणाली. "फुडचं लावा."