गिरणीला पहिली बोली लावली आणि अडकलो

मंडळी, आज पुरता अडकलोय.

नव्वदच्या दशकात जामनेरच्या बाजारात कोणाच्या मालाला बोली लागत नसली, की माझे वडील, नाना, मान राखायला पहिली बोली लावायचे. पुढे कोणीतरी चढवायचंच.

आज दुपारी ऑनलाइन लिलावात धुळ्याच्या एका भाऊंची पिठाची गिरणी तशीच पडलेली दिसली. सवयीनं मीही पहिली बोली लावली. वेळ संपेपर्यंत दुसरी आलीच नाही, आणि बोली मागे घ्यायची सोयच नव्हती!

लगेच भाऊंचा फोन. “गिरनी आते तुमनीच शे! कवय ली जाशात?” कधी घेऊन जाताय, असं विचारत होते. मागे त्यांच्या घरचे सगळे आनंदानं हसत होते, तुम्ही आमचा मान राखला, म्हणाले. आता नाही कसं म्हणू?

पहिल्यांदाच बोली लावणाऱ्यांनो, वस्तू खरंच घरी न्यायची असेल तरच बटण दाबा.

मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. कोणाला दळण टाकायचंय का?