गळ्यातला गोफ

वकिलीचं माझं तिसरंच वर्ष होतं. बालाघाटच्या कचेरीत गरिबांचे दावे मी फुकट चालवायचो, अन् खोटं काहून बोलू, त्याचा मले मोठा गर्व होता.

राजेगावकडची एक बाई आली. नवऱ्यानं दुसरी केली, हिले घराबाहेर काढलं. पोटगीचा दावा लावायचा, तर कोर्टाची फी भरायले जवळ दमडी नाही. मी मुफलिसीचा अर्ज केला. बाईजवळ काहीच नाही हे कोर्टाले पटलं, की फी माफ. नाही पटलं, तर दावा तिथंच आटोपला.

तारखेच्या आधी मी तिले बजावलं, "बाई, हाकिमासमोर उभं राहायचं आहे. जरा नीट होऊन या."

हे बोललो मी. दुसऱ्या कोणाच्या माथी मारता येत नाही.

बाई आली ते कोरं लुगडं नेसून, गळ्यात सोन्याचा गोफ घालून. आमच्याकडे सवाशीण चारचौघांत उघड्या गळ्यानं जात नाही; घरात नसलं तर मागून घालते. माझी आईसुद्धा लग्नाकार्यात तेच करायची. तरी माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही. मी आपला फायलीत डोकं खुपसून बसलो. पुकारा झाला अन् समोरच्या वकिलानं तिच्या गळ्याकडे बोट केलं, "हुजूर, ये मुफलिस हैं?" तेव्हा मी पाहिलं.

हाकिमांनी विचारलं, "ये गहना किसका है?"

सांग, मागून आणला म्हणून सांग, मी मनात म्हणत होतो. बाईनं मागच्या बाकाकडे पाहिलं. तिथं तिचा नवरा अन् दीर बसले होते.

"माझाच आहे," ती म्हणाली.

माझा कानांवर विश्वास बसेना. अर्ज खारीज झाला. फी भरायले मुदत मिळाली, पण भरणार कुठून? व्हरांड्यात येताच मी तिच्यावर खेकसलो, "काहून खोटं बोलल्या? सारं मातीत घातलं."

ती गोफ काढून पदराच्या टोकाले बांधत होती.

"जावेचा आहे, साहेब. तिच्या माहेरचा, सासरी कधी घातलाच नाही तिनं. पेटीतून चोरून देल्ला तिनं मले, घरात कोणाले ठाव नाही. नाव घेतलं असतं, तर तिलेबी हाकललं असतं."

राग कुठच्या कुठं गेला, लाजच वाटली. तरी पुटपुटलो, "पण तुमचं काय?"

"मी तर बाहेरच आहो," गाठ घट्ट करत ती म्हणाली. "तिले काहून काढू?"