तक्रारदाराचं नाव

सार्जंट बर्निस पाव्लाक ही बाई आमच्या गावात कुणालाच फारशी आवडत नसे. मागचा दिवा गेलेला दिसला की गाडी थांबवायची आणि पावती फाडायची. या गोष्टीआधी मला एकट्याला तिने सात पावत्या दिल्या होत्या, त्यातल्या दोन तर साफ चुकीच्या. मी नाझारियो. अमेरिकेतल्या या वेस्ट हार्लो गावात टोइंगचा ट्रक चालवतो, रस्त्यात पडलेल्या गाड्या ओढून नेतो. त्यामुळे सव्वीस वर्षं आमची गाठ रोजची, पण प्रेम असं काही नव्हतं.

तिचा आजा पोलंडहून इथल्या मांसाच्या कारखान्यात कामाला आला. आमचे लोक मेक्सिकोहून त्याच कारखान्यात आले, फक्त साठ वर्षं उशिरा. हे ती कधी बोलून दाखवत नसे. तिला एकच गोष्ट कळायची, कागद. मांजर हरवलं तरी फॉर्म. कुणी रडत चौकीत आलं तरी आधी विचारणार, "तक्रारदाराचं नाव?" पाठीमागे आम्ही तिला फॉर्मबाई म्हणायचो.

मार्चमध्ये इमिग्रेशनवाल्यांनी, म्हणजे परदेशी लोकांना धरून देशाबाहेर घालवणाऱ्या केंद्राच्या माणसांनी, आमच्यातल्या तेओफिलोला लाँड्रीसमोरून उचललं. तोंडं झाकलेली, गाडीवर ना नाव ना गाव. बर्निस तिथेच होती. केंद्राच्या कामात पडायचं नाही असा तिला वरून हुकूम होता, म्हणून तिने फक्त वाहतूक वळवली. तेओफिलोची गाडी न्यायला मला बोलावलं. इंजिन चालूच होतं, शेजारच्या सीटवर अर्धा खाल्लेला बुरितो पडला होता. दुसऱ्या दिवशी त्याची बायको चौकीत आली. कुणी नेलं, कुठे नेलं? बर्निसने रजिस्टर उघडलं, तर त्यात एक ओळसुद्धा नव्हती. नवरा जिवंत आहे की नाही हे त्या बाईला अकरा दिवस कळलं नाही. कळलं तेव्हा तो सीमेपलीकडून फोन करत होता.

त्यानंतर बर्निस बदलली असं मी म्हणणार नाही. पावत्या तशाच फाडत होती. पण असं धरून नेलेल्या माणसाची रस्त्यात राहिलेली गाडी मला यार्डात नेऊ देईना. "घरी पोचव," म्हणायची, "आणि किल्ली घरच्यांच्या हातात दे."

सप्टेंबरात इमिग्रेशनवाल्यांनी अन्सेल्मोला धरलं. हा छपरं बसवण्याची कामं करतो. सकाळी पंपावर थांबला होता, तिथेच चौघांनी बेड्या घालून त्याला काळ्या गाडीत कोंबलं. पण गाव आता मार्चमधलं राहिलं नव्हतं. इशाऱ्याच्या शिट्ट्या वाजल्या, बेकरीतल्या बायका पिठाचे हात घेऊन धावल्या, आणि पंपाच्या तोंडाशी माझ्या ट्रकची बॅटरी नेमकी तेव्हाच बसली. आडवाच उभा राहिला बिचारा.

"हटव तो ट्रक," त्यांचा म्होरक्या ओरडला.

"बॅटरी गेलीय, साहेब," मी म्हटलं. "टोइंगवाल्याला बोलवा."

बेकरीतल्या बायका खिदळल्या. तो हसला की चिडला, मास्कमुळे काय कळणार? पण त्याने चूक केली ती तेव्हाच. त्याने आमच्या पोलिसांना फोन लावला, की जमाव आडवा आलाय, हटवा.

बर्निस आली. दहा महिन्यांवर निवृत्ती, गुडघे गेलेले, गाडीतून उतरायलाच तिला वेळ लागतो. अन्सेल्मोची बायको रुफिना तिच्याकडे धावली. बर्निसने तिला हातानेच थांबवलं आणि फॉर्मचं पॅड काढलं.

"फोन कुणी केला?"

"मी," म्होरक्या म्हणाला. "हटवा या लोकांना."

"हटवते. तक्रारदाराचं नाव?"

"केंद्र सरकार."

"ते फार मोठं नाव झालं. तुमचं सांगा. आणि मास्क काढा, ओळखपत्राशी चेहरा ताडून बघावा लागतो."

"बाई, तुम्ही कुणाशी बोलताय, कळतंय का?"

"तेच तर विचारतेय."

शिट्ट्या आपोआप थांबल्या. सगळ्यांनाच ऐकायचं होतं. त्याने दोन-तीन फोन केले, वीस मिनिटं गेली, गर्दी दुप्पट झाली. "तक्रार मागे घेत असाल तर मी निघते," बर्निस म्हणाली. "मग ट्रकचं आणि माणसांचं तुम्ही बघा."

शेवटी त्याने मास्क खाली ओढला. चाळिशीचा साधा माणूस, दाढी वाढलेली. नाव सांगितलं, बिल्ल्याचा नंबर सांगितला. बर्निसने एकेक अक्षर विचारून लिहिलं.

"गाडीत कोण आहे?"

"त्याचा काय संबंध?"

"घटनास्थळी हजर असलेले. तसा रकाना आहे."

तिने काच वाजवली. अन्सेल्मोने आतून नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, घरचा फोन सांगितला. कुठे नेताय, यालाही रकाना होता. म्होरक्याने नदीपलीकडच्या तुरुंगाचं नाव घेतलं आणि दात-ओठ खात सही केली. बर्निसने त्याची प्रत त्याच्या हातात दिली आणि माझ्याकडे वळली.

"नाझारियो, ट्रक हटव."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "पुन्हा मार्चसारखंच, सार्जंटबाई? त्याला घेऊन जाऊ देणार?"

"त्यांना अडवायचा अधिकार मला नाही. ट्रक हटव."

हटवला. बसलेली बॅटरी पहिल्याच किल्लीला चालू झाली. काळी गाडी निघून गेली. "शेवटी पोलीस ती पोलीसच," बेकरीतली एक बाई तिच्या तोंडावर म्हणाली. बर्निसने पॅडमधली आणखी एक प्रत फाडून रुफिनाच्या हातात ठेवली.

"फॉर्ममध्ये ज्याचं नाव येतं, त्याच्या घरच्यांना एक प्रत मिळते. जुना नियम आहे, कुणी मागत नाही. ही घेऊन वकिलाकडे जा. आत्ता."

त्या दुपारी वकील न्यायाधीशापुढे उभा राहिला तेव्हा माणूस कुठे आहे आणि कुणी धरलाय, हे त्याच्या हातात होतं, धरणाऱ्याच्याच सहीनिशी. अन्सेल्मोला राज्याबाहेर हलवायला मनाई झाली. नवव्या दिवशी तो जामिनावर घरी आला. खटला अजून चालू आहे. त्याची गाडी दारात उभी होती, मीच पोचवली होती.

आठव्या दिवशी बर्निसला तिच्या साहेबाने आत बोलावलं होतं. मी बाहेर बाकावर होतो, कारण वाट अडवल्याबद्दल तिने मला आठवी पावती दिली होती. दार उघडंच होतं.

"केंद्राच्या कामात पडू नकोस, असं सांगितलं होतं ना?"

"पडले नाही, साहेब," बर्निस म्हणाली. "तक्रार त्यांचीच होती. मी लिहून घेतली."

मी पावती निमूटपणे भरली. ही एक तरी बरोबर होती.