ब्रिजेटचं नाक

मरोळ गावठाणात कुणालाही विचारा, बॉटल मसाला कुणाकडचा घ्यायचा, तर सांगतील ब्रिजेट मिस्किटाकडचा. का, तर तिचं नाक. हे मी वीस वर्षं ऐकतेय. मी जयंती, गावठाणाला खेटून असलेल्या सोसायटीत राहते, बँकेतून रिटायर झालेय. आमची दोघींची मैत्री भांडणातून झाली. तिच्या मिरच्या भाजण्याने आमची अख्खी बिल्डिंग खोकायची, म्हणून मी तावातावाने तक्रार घेऊन गेले होते. येताना हातात एक बाटली होती. रविवारी मटण केलं आणि तक्रारीचा कागद फाडून टाकला.

बाटली म्हणजे खरोखरची बाटली हं. बिअरची, तपकिरी, धुऊन उन्हात वाळवलेली, आणि मसाला काठीने ठासून भरलेला. पंचवीसेक जिनसा असतात आणि प्रत्येक वेगळी भाजावी लागते. गावठाणातल्या प्रत्येक घराचं माप वेगळं, सासूने सुनेला दिलेलं. अशा चाळीस घरांची मापं ब्रिजेटच्या डोक्यात आहेत आणि एकीचं माप तिने दुसरीला कधी सांगितलं नाही. जिन्नस कधी उतरवायचा हे रंगावरून ठरवता येत नाही, रंग बदलेपर्यंत उशीर झालेला असतो. ते नाकानेच कळतं. या नाकावर तिने अंगणातला धंदा साकीनाक्याच्या गाळ्यापर्यंत नेला, अकरा बायका कामाला ठेवल्या.

आणि चार वर्षांपूर्वी ते नाक गेलं. साथीत तिला ताप आला, ताप उतरला, पण वास काही परत आला नाही. मला कसं कळलं, तर ती माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बाहेरच्या खोलीतल्या माझ्याशी गप्पा मारत होती, पातेल्यात दूध करपून काळं झालं, मी बाहेरून धावत आले आणि ही शांत उभी. मी म्हटलं, अगं बाई, नाक आहे की काय आहे? तर ही रडायलाच लागली. मग तिने मला माउंट मेरीची शपथ घातली. मी हिंदू, पण शपथ पाळली. घरोघरचं माप बायका तिच्या हातात देतात ते त्या नाकाच्या भरवशावर. कळलं असतं तर वाट लागली असती.

मग इतके दिवस भागलं कसं? शकुमुळे. शकु चिपळूणकडची, ब्रिजेटकडे भाजायला पहिल्या दिवसापासून आहे. जमिनीवर शेगडी आणि शकु समोर उकिडवी बसलेली. जिन्नस झाला की ती उलथणं थांबवून जराशी मागे रेलायची. ब्रिजेटने हे हेरलं होतं. शकु मागे रेलली की ही मागून म्हणायची, "काढ." बाकीच्या बायका म्हणायच्या, काय नाक आहे!

आता माझा गाढवपणा ऐका. उपनगरातल्या व्यापारी मंडळाने वाढत्या छोट्या-मध्यम उद्योगांसाठी पुरस्कार जाहीर केला. बत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या बाईला कोरा फॉर्म दिसला की राहवत नाही. ब्रिजेट नको नको म्हणत होती, मी तिला दामटलं आणि वीस प्रश्न भरून मोकळी झाले. चौदावा प्रश्न होता, मालकाला काम करणं अशक्य झालं तर धंदा कोण सांभाळेल? मी ठोकून दिलं, असा प्रश्न उद्भवत नाही. दोन महिन्यांनी फोन आला, शेवटच्या सहांत नाव आहे, परीक्षक गाळा बघायला येणार. ब्रिजेट तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी एवढंच म्हणाली, "जयंती, त्यांनी मला नुसतं एक जायफळ हुंगायला दिलं तरी मी संपले गं."

मी म्हटलं, कोण कशाला देतंय, तू नेहमीसारखं कर. आणि एवढं बोलून स्वतःच नेहमीसारखं राहू दिलं नाही. फॉर्ममध्ये कामगारांच्या सोयींना मार्क होते. बायका जमिनीवर बसून भाजतात हे बरं दिसेल का? म्हणून मी गाळ्यात उंच ओटे आणि पाठीची स्टुलं आणवली, शेगड्या वर चढवल्या. बायका खूश, मी त्याहून खूश. शकु तेवढी कुरकुरली, की बाय, हे काय जमायचं नाही. मी तिलाही गप्प केलं.

परीक्षक आले केयूर शहा, घाटकोपरचे, पन्नाशीचे, शांत माणूस. मराठी छान बोलत होते. बाटल्या पाहिल्या, ऑर्डरी पाहिल्या, मग म्हणाले, भाजताना बघू दे. शकु स्टुलावर चढली, खसखस कढईत घातली. ब्रिजेट तिच्या मागे, मी दाराशी. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. स्टुलाची पाठ शकुच्या पाठीला टेकलेली होती. ती मागे रेलणार कुठे?

खसखशीचा वास आला, छान आला. ब्रिजेट गप्प. शकुने उलथणं थांबवलं, परत सुरू केलं, मान वळवून बघितलं. ब्रिजेटची नजर तिच्या पाठीवर खिळलेली, पाठ हलण्याची वाट बघत. वास जळका व्हायला लागला. केयूरभाईंनी नाकाला रुमाल लावला, कोपऱ्यातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पाहुण्यासमोर मालकिणीच्या आधी काढलं तर तिचा अपमान, म्हणून शकु अडली होती. शेवटी ती अगदी हळू म्हणाली, "बाय, करपलं."

ब्रिजेटने पुढे होऊन शेगडी बंद केली. पदराने तोंड पुसलं. मला वाटलं आता काहीतरी सारवासारव करेल, म्हणेल लक्ष नव्हतं, ओटा नवीन आहे. तर ती सरळ म्हणाली, "मला वास येत नाही. चार वर्षं झाली. मी हिच्याकडे बघून काढ म्हणते." आणि सगळ्यांसमोर तिने एक मोठ्ठा श्वास सोडला. शप्पथ सांगते, तिचे खांदे चार बोटं खाली आले.

केयूरभाईंनी शकुला विचारलं, तुम्हाला माहीत होतं? शकु स्टुलावरून उतरली, पायाने ते स्टूल बाजूला सारलं. म्हणाली, तापातनं उठून आली त्याच आठवड्यात कळलं. शेजारच्या शेगडीवर हळद जळत होती आणि बाय तिथंच उभी राहून हिशेब सांगत होती. "मग मी मागं रेलायला लागले. आधी कुठं रेलायची मी?"

ब्रिजेटला वाटत होतं तिने हेरलंय! चार वर्षं ही बाई मुद्दाम मागे रेलत होती आणि ही मागून ऐटीत काढ म्हणत होती. ब्रिजेट तिच्याकडे बघत राहिली, मग हसायला लागली, मग दोघी हसता हसता रडल्या. मीही रडले, आणि वर शकुच्या शिव्याही खाल्ल्या स्टुलांबद्दल.

केयूरभाईंनी माझा फॉर्म काढला, चौदाव्या प्रश्नावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं की बँकेतले माझे मॅनेजर आठवले. म्हणाले, सहा धंदे पाहिले, पाचांत मालक दोन दिवस आजारी पडला की शटर खाली. इथे चार वर्षं धंदा वाढतोय. मग माझं वाक्य खोडून त्यांनी तिथे शकुचं नाव लिहिलं.

मुलुंडच्या हॉलमध्ये समारंभ झाला. पहिलं बक्षीस प्लास्टिकच्या झाकणवाल्यांना गेलं, दुसरं आम्हाला. खरं सांगू, बक्षिसाचं आम्हाला फारसं काही वाटलं नाही. पुढच्या आठवड्यात ब्रिजेटने स्वतः चाळीस घरी जाऊन खरं सांगितलं. दोन घरांनी माप परत मागितलं, तिने ते मुकाट कागदावर लिहून दिलं. बाकीच्या अडतीस जणींनी विचारलं एवढंच, शकु आहे ना? हे ऐकून मी देवापुढे साखर ठेवली.

परवा गाळ्यावर गेले होते. स्टुलं माळ्यावर गेलीत, शेगडी जमिनीवर, शकु उकिडवी. ब्रिजेट आता मागे उभी राहत नाही. शेजारी फतकल मारून बसली होती. कढईत धणे होते. ती शकुला म्हणाली, "सांग ना, आता कसा येतोय?"

चार वर्षं हे तिला कुणाला विचारता आलं नव्हतं. विचारलं असतं तर कळलं असतं. शकु उलथणं फिरवत सांगत होती, आता कच्चा आहे बाय, गोणपाटाचा येतो. आता जरा गोड. थांब, थांब. आता आला बघ, तुझ्या सासूच्या घरातला.

ब्रिजेटने डोळे मिटले आणि म्हणाली, "काढ."